सगळ्यात लांबचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि सध्या माझे तोंड भिंतीकडे आहे. त्यामुळे तुम्ही किती जण आहात, नीट ऐकता आहात की आपसांत कोपरे मारता आहात, हे मला दिसत नाही. दिसत नाही तेच बरे. माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहिलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. आता पाठ फिरवायची पाळी माझी आहे, तेवढे समाधान मला मिळू द्या.

मी काही साधासुधा कागदी नकाशा नव्हतो. माझे अंग पत्र्याचे, चौकट लाकडाची, पुढे काच आणि काचेखाली बटणांची रांग. प्रत्येक बटणाखाली एकेक ठिकाण लिहिलेले होते. टेकडीवरची बाग, तळे, जुना किल्ला, धबधबा, गरम पाण्याचे झरे. बटण दाबले की आमच्या मोठ्या शहरापासून त्या ठिकाणापर्यंत एकामागून एक दिवे लागत जायचे. आगगाडीच्या वाटेवर तांबडे, बसच्या वाटेवर हिरवे, बोटीच्या वाटेवर निळे. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशीच ठिकाणे माझ्यावर होती. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्याला सुट्टीच्या एका दिवसात कुठवर जाता येते, ते मी दाखवत होतो.

मला दोघांनी मिळून घडवले, एक वायरमन आणि एक पेंटर. दोघांचा छत्तीसचा आकडा होता. वायरमन म्हणायचा, तुझ्या रंगाने माझ्या तारा चिकटतात. पेंटर म्हणायचा, तुझ्या भोकांनी माझ्या नदीची चाळण केली. काम संपत आले तेव्हा माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बरीच जागा मोकळी राहिली, आणि रिकामी जागा बघून पेंटरला चैन पडेना. त्या बाजूला, किनाऱ्यापलीकडच्या बेटावर, एक दीपगृह होते. खरे तर त्याला नखाएवढी जागा पुरली असती. पेंटरने ते बोटभर उंच काढले, त्यावर काळे-पांढरे पट्टे ओढले आणि वायरमनच्या मागे लागून त्याच्या टोकाला इतरांपेक्षा मोठा दिवा बसवून घेतला. वायरमनने कपाळाला हात लावला. पण तेव्हापासून जो कोणी माझ्यासमोर आला, त्याची नजर आधी दीपगृहावर गेली.

मला मोठ्या स्थानकाच्या दालनात, चौकशीच्या खिडकीशेजारी लावले. खाली एक लाकडी बाक ठेवला. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, कोणीतरी माझा फोटो काढला. ते दिवस मी विसरलेलो नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर अशी झुंबड उडायची की मागच्यांना टाचा उंचवाव्या लागत. नवऱ्याला टेकडीवर जायचे असे, बायकोला तळ्याकाठी. सासूबाई म्हणत, मला कुठेही न्या, पण चढण नको. पोरे सगळी बटणे एकदम दाबत आणि माझे सगळे दिवे एकदम लागत. मग आया त्यांचे हात ओढत आणि त्यांच्या पाठीत धपाटा घालत. माझ्या काचेवर नाकांचे, बोटांचे, तेलकट केसांचे डाग पडत. रोज सकाळी झाडूवाली ते पुसायची आणि पुसताना मला शिव्या घालायची. मला त्या शिव्याही आवडत.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खुपत होती. जाताना सगळे विचारायचे, आल्यावर सांगायला कोणी येत नसे. मी कोणाकोणाला कुठे कुठे पाठवले. पण धबधब्याला पाणी होते का, तळ्याकाठी पोरे खेळली का, टेकडीवर भांडण मिटले का, हे मला कधीच कळले नाही. संध्याकाळी तीच माणसे उन्हाने रापलेली, वाळूने भरलेली, झोपाळलेली पोरे खांद्यावर टाकून माझ्यासमोरून जायची आणि माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. एक गृहस्थ तेवढे परत आले होते. तेही गाडी उशिरा सुटल्याची तक्रार करायला. ज्या बोटाने त्यांनी सकाळी माझे बटण दाबले होते, तेच बोट त्यांनी माझ्यावर रोखले. गरज सरो, वैद्य मरो, असे मोठी माणसे म्हणतात. त्यांनी ते माझ्याकडे बघूनच म्हटले असावे.

आता ज्या दोघींसाठी मी ही सगळी कहाणी सांगतो आहे, त्यांच्याकडे येतो. त्या बहिणी होत्या. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो.

थोरली चौकशीच्या खिडकीत बसायची. तिचे केस लवकर पिकले होते आणि आवाज काचेच्या भोकातून थेट शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. तिची कामाची एक पद्धत होती. माणूस खिडकीशी येऊन कुठे जायचे ते सांगू लागला की ती त्याला थांबवायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं?"

लोक चक्रावत. कोणी हसत, कोणी रागावत. एक भरघोस मिशांचे गृहस्थ तर छाती फुगवून म्हणाले होते, की आमच्या घराण्यात हळू चालणारे कोणी नाही. त्यांच्या पाठीमागे एक म्हातारी आपला सुजलेला पाय दुसऱ्या पायामागे लपवत होती. थोरलीने मिशांना बाजूला व्हायला सांगितले आणि म्हातारीलाच विचारले. म्हातारी म्हणाली, मीच ती, पण मी घरी राहीन म्हणते. थोरलीने तिला घरी राहू दिले नाही. त्या म्हातारीच्या पायांना झेपतील अशा गाड्या तिने काढून दिल्या. कुठल्या स्थानकात जिना आहे आणि कुठे उतार आहे, बस कुठल्या बाजूला उभी राहते, वाटेत बसायला बाक कुठे, सगळे बघून. मिशांना त्या म्हातारीच्या चालीने चालावे लागणार होते, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

तिचा दुसरा नियम असा, की आधी परतीची गाडी बघायची, मग जाण्याची. "जायचं काय, ढकललं तरी माणूस जातं," असे ती म्हणायची. आणि परतीला कधीही शेवटच्या गाडीवर विसंबायचे नाही, तिच्या आधीची धरायची. शेवटची हुकली तर माणूस रस्त्यावर. तिने आखून दिलेल्या सहलीत कोणी कुठे अडकून पडल्याचे मी ऐकले नाही. अर्थात, तसे झाले असते तर ते लोक सांगायला नक्की आले असते.

थोरलीला हा प्रश्न सुचला तो धाकटीमुळे. धाकटी लहानपणापासून कुबडी घेऊन चालायची. तिचा एक पाय आखूड होता. थोरली कामावर रुजू झाली त्या दिवशी ती धाकटीला माझे दिवे दाखवायला घेऊन आली. तेव्हा धाकटीच्या वेण्यांना रिबिनी होत्या. तिने बटणांच्या रांगेवरून एकदा बोट फिरवले आणि दीपगृहाचे बटण दाबले. आधी तांबडे दिवे लागत गेले, मग हिरवे, मग निळे, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यातला तो मोठा दिवा लागला. इतर कुठल्याही ठिकाणाला माझे तिन्ही रंग लागत नसत.

"हे सगळ्यात लांबचं ना?" तिने विचारले. "मग मला इथं जायचं."

थोरली म्हणाली, "जाऊ. परतीचं जमलं की जाऊ."

मित्रांनो, हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकले की माझ्या काचेला पाठ झाले.

धाकटी मोठी झाली. घरी बसून ती एका शिंप्यासाठी काजे करायची आणि बटणे लावायची. शिंप्याचे दुकान स्थानकासमोरच होते. शर्टांचे गाठोडे पोचते केले की ती दालनात यायची आणि थोरलीची पाळी संपेपर्यंत माझ्याखालच्या बाकावर बसायची. बसण्याआधी ती न चुकता दीपगृहाचे बटण दाबायची. वॉचमन कुरकुरायचा, बाई, बल्ब जातो. ती म्हणायची, बल्ब जातो, मी कुठे जाते? मग ती कुबडी भिंतीला टेकवून संत्रे सोलत बसायची. संत्र्याची साल ती एकसलग काढायची, मध्ये तुटू द्यायची नाही.

तिला त्या दीपगृहात काय बघायचे होते? थोरलीच्या शेजारच्या तिकीट खिडकीतल्या बाईंनी एकदा तिला विचारले होते, की तिथे एवढे आहे तरी काय, खांबच ना एक? वर चढायला पायऱ्याच पायऱ्या असतील. धाकटी म्हणाली, की मला वर चढायचेच नाही. एका दिवसात माणसाला जास्तीत जास्त जितके लांब जाता येते, तितके एकदा जायचे आहे. तिथे खाली बसायचे आणि परत यायचे. तिकीटवाल्या बाईंना ते काही समजले नाही. मला समजले. मी तर भिंतीला स्क्रूने जखडलेला होतो.

अडचण होती ती जंक्शनवर. शहरातली गाडी तिथे पोचायची आणि स्थानकापलीकडून किनाऱ्याची बस सुटायची. मध्ये जिन्याचा उंच पूल. धडधाकट माणूस धावतपळत बस गाठायचा. धाकटीला ती मिळणे शक्य नव्हते. पुढच्या बसने गेले तर दुपारची बोट निघून जाणार. संध्याकाळच्या बोटीने जावे तर परतीला शेवटच्या बोटीशिवाय काही उरत नाही, आणि शेवटच्या बोटीवर थोरली विसंबणार नाही. दर वर्षी नवे वेळापत्रक आले की थोरली खिडकी बंद करून माझ्यासमोर उभी राहायची आणि माझ्या तांबड्या-हिरव्या-निळ्या वाटेवरून बोट फिरवत पुटपुटायची. धाकटी बाकावरून तिच्या तोंडाकडे बघत असायची. शेवटी थोरली मान हलवायची. यंदा नाही.

एका वर्षी जंक्शनवरून आणखी एक बस सुरू झाली. मला वाटले, आता सुटला प्रश्न. धाकटीने नवी पिशवीसुद्धा शिवली. पण थोरलीने मग बोटीच्या फळीची शंका काढली. धक्क्यावरून बोटीत जायला ओली फळी असते, तिच्यावरून कुबडी घसरेल. त्यानंतरच्या वर्षी वाऱ्याचे निमित्त निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी पुलाच्या जिन्याचा कठडा सैल झाल्याचे तिने कोणाकडून तरी ऐकले. रोज शंभर म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना गावोगाव पाठवणारी ही बाई स्वतःच्या बहिणीला स्थानकाबाहेर काढायला तयार नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिव्यांच्या नकाशाने तो सांगावा यात काही नवल नाही. मी तिला दोष देतो असे समजू नका. आईच्या माघारी तिनेच धाकटीला वाढवले होते. एकदा लहानपणी धाकटी गर्दीत पडली होती आणि लोक तिच्या अंगावरून गेले होते, हे तिने तिकीटवाल्या बाईंना सांगितलेले मी ऐकले आहे. तिची काळजी खरी होती. पण खऱ्या काळजीलाही गंज चढतो, आणि मग दार उघडायचे म्हटले तरी उघडत नाही. मला मनातून तिचा राग येऊ लागला होता.

मग समोरच्या भिंतीवर पडदा आला.

तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचा असेल तो. बोट लावले की उजळणारा, गोड आवाजात बोलणारा. त्यालाही फीत कापली, त्यालाही टाळ्या झाल्या. मी म्हटले, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस काही संपेनात. माझ्यासमोरची झुंबड उठून त्याच्यासमोर गेली. तो कुठे जायचे आणि कधी निघायचे एवढेच विचारायचा आणि क्षणात चिठ्ठी काढून द्यायचा. तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालते, हे त्याने कोणालाही विचारले नाही. त्याच्या हिशेबी सगळी माणसे एकाच चालीने चालत होती, आणि ती चाल तरण्याताठ्या माणसाची होती. मी ते रोज बघत होतो आणि आतल्या आत जळत होतो. माझे बल्ब जात होते, ते कोणी बदलत नव्हते. तळे गेले, किल्ला गेला. झाडूवालीने माझी काच पुसणे सोडले आणि शिव्याही सोडल्या. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. वॉचमन माझ्या चौकटीवर आपली ओली छत्री अडकवू लागला.

एका सकाळी धाकटी शिंप्याकडे गाठोडे देऊन आली. थोरलीची पाळी दुपारची होती, खिडकी बंद होती. धाकटीने माझे बटण दाबले, दिवे लागले. ती थोडा वेळ बघत राहिली. मग ती वळली आणि दालन ओलांडून पडद्यासमोर गेली. तिने बोट लावले. पडद्याने चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घेऊन ती दाराकडे गेली नाही, फलाटाकडे गेली. तिच्या खांद्याला ती शिवलेली पिशवी होती.

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचे होते. त्या चिठ्ठीत जंक्शनच्या पुलावर तुझ्या पायांचा विचार केलेला नाही, हे मला तिला सांगायचे होते. पण माझ्याकडे होते फक्त दिवे, आणि तिने बोट काढल्यावर तेही विझले होते.

दुपारी थोरली कामावर आली. संध्याकाळपर्यंत धाकटी घरी पोचली नव्हती. शेजारणीचा फोन आला, शिंप्याने सांगितले की ती सकाळीच गेली. थोरली खिडकीतून उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. एका माणसाने तिला तळ्याची गाडी विचारली तर तिने त्याला बागेची सांगितली. असे तिच्या हातून कधी झाले नव्हते. अंधार पडता पडता फलाटाच्या बाजूने कुबडीचा आवाज आला. धाकटी येऊन माझ्याखालच्या बाकावर बसली. थोरली खिडकीतून बाहेर आली.

"कुठं होतीस?"

"दीपगृहाला निघाले होते," धाकटी म्हणाली. "जंक्शनपर्यंत गेले. मी पुलावर होते तोवर बस गेली. मधली ती नवी बस बंद झालीय. मग तिथं बाकावर बसले. संत्रं खाल्लं. परत आले."

थोरलीने पडद्याकडे हात केला. "त्या मेल्यानं तुला काही विचारलं तरी का? किती चालवतं, जिना जमतो का, काही?"

"नाही विचारलं. म्हणून तर निघाले. ताई, जन्मात पहिल्यांदा कुणी तरी मला न विचारता वाट सांगितली."

थोरली काही बोलायला गेली, पण धाकटीने तिला बोलू दिले नाही. ती शांतपणे, कुबडीच्या मुठीवरचे कापड नीट करत बोलत होती.

"तू त्या खिडकीतनं प्रत्येकाला विचारतेस, तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं. मी इथं या बाकावर बसलेली असते. दरवेळी सगळे वळून माझ्याकडं बघतात. इतकी वर्षं."

त्या प्रश्नाचा मला केवढा अभिमान होता, तो मी तुम्हाला मघाशी रंगवून सांगितलाच. पडद्याला नावे ठेवताना मी तोच प्रश्न पुढे करत होतो. आणि तो प्रश्न ज्या मुलीपासून निघाला, ती माझ्या पायाशी बसून इतकी वर्षे तो सोसत होती. एवढे दिवे अंगावर असून मला ते दिसले नव्हते. पडद्यामुळे तिचा एक दिवस एका बाकावर फुकट गेला, हे खरे. आमच्यामुळे किती गेले, ते कोणी मोजायचे?

त्या दिवसानंतर थोरलीने खिडकीत तो प्रश्न विचारला नाही. लोक यायचे तेही आता क्वचितच. ती गाड्या सांगायची, पण तिचा आवाज काचेपलीकडच्या पहिल्या माणसापर्यंत जेमतेम पोचायचा. घरी दोघींचे काय बोलणे होत होते ते मला ठाऊक नाही. धाकटी शर्ट पोचवायला येत होती, पण दालनात येत नव्हती. बाक रिकामा असायचा. वॉचमन तिथे डुलक्या काढायचा.

मग वरून हुकूम आला, की चौकशीची खिडकी बंद करायची. थोरलीची नोकरीची वर्षेही संपत आली होती, तिला दोन्ही निरोप एकदमच मिळाले. शेवटच्या दिवशी तिच्या खिडकीशी एकच माणूस आला आणि त्याने मुतारी कुठे ते विचारले. तिने ते नीट सांगितले. पाळी संपल्यावर तिने बसायची उशी काखोटीला मारली, खिडकीची फळी खाली ओढली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिकीटवाल्या बाई तिला जवळ घेऊन रडल्या. थोरली रडली नाही.

तेवढ्यात मला कुबडीचा आवाज ऐकू आला. धाकटी तिला घरी न्यायला आली होती. ती माझ्यापाशी आली आणि तिने दीपगृहाचे बटण दाबले. माझे तांबडे दिवे लागले. हिरव्यातले निम्मे गेलेले होते, तिथे काळी फट राहिली. निळे लागले, आणि कोपऱ्यातला तो मोठा दिवा लागला. मी सगळा जीव त्याच्यात आणला होता.

"उद्या पहाटेच्या गाडीनं निघू," थोरली म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे बघितले. "आणि परत?"

"बघू."

हा शब्द मी थोरलीच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. दुसऱ्या कोणी खिडकीत तो उच्चारला तर ती त्याला फैलावर घ्यायची.

"जंक्शनला बस चुकली तर?"

"चुकली तर पुढची. तीही चुकली तर बाकावर बसू. मला संत्रं सोलून दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दोघी माझ्यासमोरून गेल्या. धाकटीच्या खांद्याला ती पिशवी होती. थोरली तिच्या पुढे नव्हती, मागेही नव्हती. ती तिच्या चालीने बरोबर चालत होती आणि तिच्या हातात वेळापत्रक नव्हते. फलाटाच्या दाराशी वळताना धाकटीने एकदा मागे माझ्याकडे बघितले. इतक्या वर्षांत कोणीतरी जाताना मला सांगून गेल्यासारखे मला वाटले. मी ठरवले, की संध्याकाळी डोळ्यात तेल घालून वाट बघायची. त्या परत येतील, माझ्याखाली बसतील आणि बोलतील. मला एकदा तरी पुढचे कळेल.

दुपारी माणसे आली. त्यांनी माझे स्क्रू काढले. चौकट सुटेना म्हणून पहारीने उचकटली, तेव्हा काचेला तडा गेला. माझ्या तारा त्यांनी मागून कापल्या. माझ्या जागी जाहिरात लावायची होती, आणि ती लावायला फार घाई होती. मला उचलून स्थानकाच्या मागल्या अडगळीच्या खोलीत आणले आणि तोंड भिंतीकडे करून ठेवले. का, तर तसा मी कमी जागेत मावत होतो. संध्याकाळी गाड्या आल्या. भिंतीपलीकडून हजार पावलांचा आवाज येत होता. मी कुबडीचा आवाज शोधत होतो. एवढ्या गलक्यात तो मला सापडला नाही.

इथे माझ्या सोबतीला मोडकी बाके आहेत, गळक्या बादल्या आहेत आणि खिडकीच्या त्या फळीचा तुकडा आहे. झाडूवाली बादली न्यायला येते तेव्हा दार उघडते आणि थोडा वारा येतो. किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही, इथे दिवस दिसत नाही. पण एके दुपारी, गाड्या नसतात त्या शांत वेळी, बाहेरच्या बोळात कुबडीचा आवाज आला. शेजारी चपलांचा. दोन्ही दाराशी येऊन थांबले.

थोरलीने बोळात बसलेल्या वॉचमनला विचारले, की दालनात दिव्यांचा नकाशा होता तो कुठे ठेवला आहे.

वॉचमन बाकावर बसलेला असावा. उठल्याचा आवाज आला नाही. तो बसल्या बसल्या म्हणाला, "तो होय? तो केव्हाच मोडीत गेला."

मित्रांनो, मी दाराच्या आत होतो. त्या बाहेर होत्या. मध्ये एक फळ्यांचे दार होते. माझ्या तारा कापलेल्या होत्या, नाहीतर मी माझा एकूण एक दिवा लावला असता. फटीतून उजेड बाहेर गेला असता.

"मोडीत?" धाकटी म्हणाली. मग तिचाच आवाज आला, हळू. "त्याला सांगायचं होतं."

वॉचमन हसला. "कुणाला, नकाशाला?"

कुबडीचा आवाज बोळातून दूर गेला, चपलांचा त्याच्या बरोबरीने. मी ऐकू येईपर्यंत ऐकत राहिलो.

त्या पोचल्या का? पुलावर बस चुकली का? ओल्या फळीवरून धाकटी कशी गेली, कोणी हात दिला की कुणाचाही हात न धरता गेली? दीपगृह खरेच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आहे, की तीही पेंटरची थाप? परतीला शेवटची बोट मिळाली की तीही गेली? मला काहीच ठाऊक नाही. एवढे मात्र कळले, की काहीतरी सांगण्यासारखे होते आणि ते सांगायला त्या आल्या होत्या. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारापर्यंत आले आणि एका माणसाला उठायचा कंटाळा आला म्हणून परत गेले. माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या हेळसांडीपेक्षा मला हे जास्त लागले.

आता शेवटी मी तुम्हाला काही शिकवावे अशी रीत आहे. जुन्या वस्तूंची निगा राखा, काच पुसा, बल्ब बदला, हे तुम्हाला शाळेत बाईंनी सांगितलेच असेल, आणि तुम्ही ते वहीत लिहून विसरलाही असाल. मी दुसरे मागतो. कोणी तुम्हाला वाट दाखवली तर कधीतरी परत जाऊन त्याला सांगा, की पोचलो. आणि कोणाला वाट दाखवायची वेळ आली तर त्याचा पाय बघण्याआधी त्याला कुठे जायचे आहे ते विचारा. मला आणि थोरलीला हे फार उशिरा कळले.

आणि तुमच्यापैकी कोणाला त्या दोघी भेटल्या, एक पिकल्या केसांची आणि एक कुबडीवाली, तर त्यांना सांगा की मी मोडीत गेलेलो नाही. स्थानकाच्या मागच्या बोळात यायचे. वॉचमनला विचारू नका. दाराला कुलूप नाही, नुसती कडी आहे.